लायल गुस्टाड यांचा आदर्श अर्ज

टॅमरॅक फोर्क गावचे रहिवासी आणि काउंटीच्या परवाना-खिडकीवरून निवृत्त झालेले श्री. लायल गुस्टाड, वय त्रेसष्ट, यांनी जंगलात जाताना जवळ बाळगण्यासाठी एक रिव्हॉल्व्हर घ्यायचं ठरवलं. ते वापरलेलं असावं, परवडणारं असावं आणि चारशे डॉलरच्या वर एक सेंटही जाऊ नये, अशा तीन अटी त्यांनी स्वतःच स्वतःला घातल्या आणि स्वतःच मंजूर केल्या. मोंटानात ही काही बातमी नव्हे. आमच्याकडे बारशाला बंदूक घेऊन येणारे मामा आहेत. पण लायलने (श्री. वगैरे आता पुरे, वीस वर्षं मी त्याच्या शेजारी राहतोय) आजवर कमरेला पट्ट्याशिवाय काही लावलं नव्हतं. एकतीस वर्षं त्याने लोकांचे अर्ज तपासले आणि परत पाठवले. एका माणसाने मासेमारीच्या अर्जात 'डोळे' या रकान्यात 'ठीक आहेत' असं लिहिलं, म्हणून त्याला दोन हंगाम गळ टाकता आला नाही. सरकारला डोळ्यांचा रंग हवा होता.

रिव्हॉल्व्हरची गरज निर्माण झाली ती लायलच्या बायकोमुळे, म्हणजे व्हर्नामुळे. त्यासाठी आमच्याकडची एक रीत सांगायला हवी.

आमच्या डोंगरात हकलबेरी येते. काळपट जांभळी, करवंदाहून लहान, आणि चवीला अशी की माणूस बोलायचं विसरतो. ती शेतात लावून येत नाही. ऑगस्टमधले तीन आठवडे रानातच येते, आणि कुठे येते हे कुणी कुणाला सांगत नाही. लोक बँकेतली शिल्लक सांगतील, सुनेबद्दलचं खरं मत सांगतील, पण बेरीची जागा विचारली की हवामानावर बोलायला लागतील. आमचे पाद्रीबुवासुद्धा जांभळ्या बोटांनी प्रवचन देतात आणि काल दिवसभर घरीच होतो म्हणून सांगतात. कुणी त्याला खोटं म्हणत नाही.

व्हर्नाची आई हेडविग एकावन्न वर्षं एकाच जागेवरून बेऱ्या आणत होती. तिने ती जागा सख्ख्या बहिणीलाही दाखवली नाही. जागा एकालाच द्यायची, आणि तीही सांगून नाही, हाताला धरून नेऊन, हा त्यांच्या घरचा नेम. तिने ती व्हर्नाला दिली. फेब्रुवारीत हेडविग गेली. व्हर्नाला मूलबाळ नाही. लग्नाला चौतीस वर्षं झाली तरी तिने लायलला जागा दाखवली नव्हती आणि त्यानेही कधी विचारली नव्हती. चांगल्या घरात असंच असतं.

या जूनमध्ये मात्र ती त्याला घेऊन गेली. झुडपं फुलावर होती. उतारावर उभी राहून व्हर्ना म्हणाली, "आईशिवाय मला इथं एकटीला नाही रे यायचं. तू येशील ना माझ्याबरोबर? चौदा ऑगस्टला तिचा वाढदिवस. त्या दिवशी आम्ही पहिली बादली भरायचो."

चौतीस वर्षांत बायकोने आपल्यावर एवढा विश्वास टाकल्याचं लायलला आठवेना. तो 'हो' म्हणणार, एवढ्यात बाजूच्या झुडपात सळसळ झाली. पुढच्या क्षणी तो व्हर्नाच्या मागे होता. झुडपातून एक रानकोंबडी बाहेर आली, तिने लायलकडे एकदा पाहिलं आणि ती निघून गेली.

"व्हर्ना, इथं अस्वल येत असेल."

"येतं ना. त्याचंही जेवण इथंच असतं. आई मोठमोठ्यानं स्तोत्रं म्हणायची, मग ते जायचं उठून."

"आणि नाही गेलं तर?"

"तू आईला गाताना ऐकलंयस ना?"

लायलने ऐकलं होतं. मुद्दा बिनतोड होता. शिवाय व्हर्नाच्या पिशवीत मिरचीच्या फवाऱ्याचा डबा होता, जो आमच्याकडच्या शाळकरी पोरींकडेही असतो. पण लायलची खात्री पटेना. परत निघताना त्याने आठवण म्हणून उतारावर उभ्या असलेल्या व्हर्नाचा फोटो काढला आणि गाडीत बसल्याबरोबर घोषणा केली, "मी येणार. नक्की येणार. फक्त आधी एक रिव्हॉल्व्हर बघतो."

"दोन महिने आहेत," व्हर्ना म्हणाली. "बघ बाबा."

दुसऱ्याच दिवशी रोझलिनच्या खानावळीतल्या आमच्या कॉफीच्या टेबलापुढे विषय मांडण्यात आला. या टेबलावर आम्ही सगळे निवृत्त लोक बसतो आणि देशाचे बहुतेक प्रश्न सकाळी दहाच्या आत सोडवतो. लायलने जागेचं नाव काढलं नाही, हे त्याच्या बाजूने सांगितलंच पाहिजे. एवढंच म्हणाला की, एका डोंगरात जायचंय.

"अडतीस घे," क्लॅरेन्स म्हणाला. हे आकडे गोळीच्या जाडीचे. जेवढा आकडा मोठा, तेवढा बोलणाऱ्याचा आवाज मोठा.

"अडतीसनं अस्वलाला गुदगुल्या होतील," लाकूडतोड्या बर्ट ओक्सन म्हणाला. "तीन-सत्तावन्नच्या खाली उतरू नकोस."

"तीन-सत्तावन्ननं ते नुसतं चिडेल."

"मग चव्वेचाळीस घेऊ दे."

"चव्वेचाळीसचा बार काढला तर ह्याचं मनगट जाईल. गेल्या वर्षी लोणच्याची बरणी उघडताना गेलं होतं!"

"तुमच्यापैकी कुणी अस्वलावर बार काढलाय का?" लायलने नम्रपणे विचारलं.

बर्टने कॉफी ढवळली. तो साखर घालत नाही.

"प्रश्न तो नाहीये, लायल," तो म्हणाला. "प्रश्न तयारीचा आहे."

तयारी म्हणून लायल डेल प्रुएटच्या जुन्या वस्तूंच्या दुकानात गेला. काचेच्या कपाटात एक कर्णा आणि कवळीची डबी यांच्यामध्ये तीन रिव्हॉल्व्हरं पडली होती. एकाच्या मुठीवर मोती होते, एकाला गंज होता, आणि तिसरं साधं, काळं, थोडं घासलेलं, पण बरं दिसत होतं.

"हे एका बँकेच्या पहारेकऱ्याचं," डेल म्हणाला. "तीस वर्षं कमरेला होतं. आयुष्यात एकदाच सुटलं, तेही टपालपेटीवर. तीनशे पंच्याऐंशी, आणि चामड्याचं म्यान फुकट."

लायलने ते हातात घेतलं. चक्र हलतं का बघितलं, नळीत उजेड टाकून बघितलं, घोडा मागे ओढून बघितला. मूठ हातात अशी बसली, जशी जुन्या कचेरीतली खुर्ची त्याला बसायची. दोष म्हणावा असा एकही सापडेना, आणि त्यामुळेच तो अस्वस्थ झाला. एकतीस वर्षांत त्याने पहिल्या फेरीत काहीही मंजूर केलं नव्हतं.

"विचार करून सांगतो," तो म्हणाला.

"अरे, लग्नाला एवढा विचार केला होतास का?"

"तेव्हा कुणाला विचारायचं ते माहीत नव्हतं," लायल म्हणाला. ही गोष्ट त्याने प्रामाणिकपणे सांगितली होती.

आता मात्र कुणाला विचारायचं ते त्याला ठाऊक होतं. इंटरनेटवर 'रानसोबती' नावाचं एक मंडळ होतं. जंगलात कुठलं हत्यार न्यावं याविषयी तिथे नऊ हजार सभासद अहोरात्र बोलत होते. मंडळाचे प्रमुख 'राखाडी लांडगा' या नावाने लिहीत. त्यांचे संदेश चौदा हजारांच्या वर गेल्यामुळे त्यांच्या नावापुढे तीन सोनेरी पंजे होते. लायलने विचारलं, 'चारशे डॉलरच्या आत वापरलेलं कुठलं घ्यावं?' चार मिनिटांत उत्तर आलं: गरज-निश्चिती पत्रक भरल्याशिवाय सल्ला दिला जात नाही.

पत्रकात एकेचाळीस रकाने होते.

लायलच्या अंगावर रोमांच उभे राहिले. निवृत्तीनंतर कुणी त्याच्यापुढे अर्ज ठेवला नव्हता. त्याने चष्मा पुसला, दार लावून घेतलं आणि पहिल्या रकान्यापासून सुरुवात केली. रकाना नऊ: रस्ता, मैलाच्या दगडासह (गोळीचा आवाज वस्तीपर्यंत जाईल का हे ठरवण्यासाठी). त्याने लिहिलं. रकाना बारा: ओढ्यापासूनचं अंतर. लिहिलं. रकाना चौदा: उताराची दिशा. लिहिलं, आणि अंशांतही दिलं. रकाना एकोणीस: अस्वल तिथे का येतं? लायलने थोडा विचार करून लिहिलं, 'चार एकर सलग हकलबेरी. झुडपं कमरेएवढी. माझ्या माहितीनुसार गेल्या एकावन्न वर्षांत बाहेरच्या माणसाचा हात लागलेला नाही.' हे शेवटचं वाक्य त्याला इतकं आवडलं की त्याने ते दोनदा मोठ्याने वाचलं.

गुपिताची त्याला आठवण झाली नाही असं नाही. झाली. पण गुपित म्हणजे लोकांना न सांगणं. हे तर योग्य त्या समितीला कळवणं होतं. रकाना एकेचाळीसमध्ये जागेचा फोटो हवा होता, तर त्याने व्हर्नाचा फोटो जोडला. मागचं जळकं खोड आणि पलीकडची डोंगराची सोंड त्यात स्वच्छ आली होती.

दुसऱ्या दिवशी राखाडी लांडग्याचा जाहीर अभिप्राय आला. 'मंडळाच्या अकरा वर्षांच्या इतिहासात इतकं परिपूर्ण पत्रक आलेलं नाही. नव्या सभासदांनी बोध घ्यावा.' लायलच्या पत्रकावर 'आदर्श अर्ज' असा शिक्का बसला आणि ते मंडळाच्या पहिल्या पानावर, सगळ्यात वर, कायमचं लावण्यात आलं.

लायलने तो शिक्का व्हर्नाला दाखवला नाही. काम पूर्ण झाल्यावर दाखवू, असं त्याने ठरवलं.

मग चर्चा सुरू झाली. पहिल्या आठवड्यात साठ जणांनी गोळीच्या जाडीवर भांडण केलं. दुसऱ्या आठवड्यात प्रश्न जरा खोलात जाऊ लागले. एकाने विचारलं, बेऱ्या साधारण कुठल्या तारखेला पिकतात, कारण अस्वलाचं येणं त्यावर अवलंबून असतं. लायलने सासूच्या जुन्या कॅलेंडरांवरून तारखा काढून पाठवल्या. दुसऱ्याने विचारलं, लहान मोटार वरपर्यंत जाते का, म्हणजे जखमीला खाली आणता येईल. लायलने लिहिलं, जाते, फक्त शेवटचा पाव मैल चालावं लागतं. तिसऱ्याने विचारलं, एका झुडपाला अंदाजे किती बेऱ्या लागतात. अस्वल किती वेळ एका जागी थांबेल याचा हिशेब मांडायचा होता म्हणे. लायलला या लोकांच्या बारकाईचं फार कौतुक वाटलं. सरकारी खात्यात अशी माणसं असती तर, असं तो मनाशी म्हणाला.

जुलैच्या शेवटी व्हर्नाने विचारलं, "झालं का तुझं?"

"निकाल अजून यायचाय."

"कुणाचा निकाल?"

"जाणकार आहेत. घाईनं नाही देत ते."

"लायल, एक रिव्हॉल्व्हर घ्यायचंय. धरण नाही बांधायचं." मग तिचा आवाज उतरला. "हे बघ, ते मिळो न मिळो. चौदाला तू यायचं. मी आईच्या फोटोपुढं बोललेय तसं."

लायलने तिचा हात हातात घेऊन वचन दिलं. आणि मनापासून दिलं, यात मला शंका नाही.

अकरा ऑगस्टला निकाल लागला. तीनशे ब्याऐंशी अभिप्रायांनंतर राखाडी लांडग्याने लिहिलं, 'अर्जदाराने जे हातात नीट बसेल ते घ्यावं.' लायलने हे वाक्य छापून घेतलं आणि तो डेलच्या दुकानात धावला. पहारेकऱ्याचं काळं रिव्हॉल्व्हर अजून होतं, पण आता त्याला चारशे डॉलर पडत होते.

"मागणी वाढलीय बाबा," डेल म्हणाला. "मागवून मागवून आठवड्यात अकरा गेली. सगळे बाहेरगावचे. आणि गंमत बघ, प्रत्येकाला बरोबर एक बादलीही हवी होती. बादल्या संपल्या माझ्याकडच्या."

"लोक जागरूक व्हायला लागलेत," लायल समाधानाने म्हणाला. दुकानातला सरकारी फॉर्म त्याने दोनदा वाचून, एकही खाडाखोड न करता भरला. चामड्याचं म्यान मात्र आता फुकट नव्हतं. शिवाय राखाडी लांडग्याच्या मते कमरेचं म्यान झुडपात अडकतं, छातीवर बांधायचं हवं. ते एकशे ऐंशीला पडलं. ते अटीत नव्हतंच, कारण अट रिव्हॉल्व्हरची होती.

चौदा तारखेला सकाळी व्हर्नाने आईची पत्र्याची बादली घासून पुसून गाडीत ठेवली. तिने आईचा हिरवा स्कार्फ बांधला होता. लायल छातीवर तीन पट्ट्यांचं चामडं बांधून ताठ बसला होता, कारण त्यात वेगळं बसताच येत नव्हतं. व्हर्नाने त्याच्याकडे पाहिलं, ओठ दाबून धरले, आणि शेवटी तिला हसू फुटलंच. फेब्रुवारीनंतर ती पहिल्यांदा तशी हसली.

मैलाच्या दगडापाशी वळल्यावर त्यांना पहिली गाडी दिसली. मग चार. मग दोन्ही बाजूंनी ओळच. शेवटचा पाव मैल व्हर्ना त्याच्या पुढे, जवळजवळ पळत चढली.

उतारावर तेवीस माणसं होती. प्रत्येकाच्या हातात बादली, प्रत्येकाचे ओठ जांभळे. छातीवर चामडं बांधून वाकता येत नाही, म्हणून सगळ्यांनी आपापली रिव्हॉल्व्हरं काढून एका पडलेल्या खोडावर ओळीने मांडून ठेवली होती. खाली घसरलेला माणूस पुन्हा वर यायचा आणि पुन्हा खुडायला लागायचा. झुडपं मोडली होती, चिखल झाला होता, हिरव्या कच्च्या बेऱ्यासुद्धा ओरबाडलेल्या होत्या. अस्वल असलंच तर ते एव्हाना कॅनडात पोहोचलं असणार.

एक गुबगुबीत गृहस्थ लायलकडे बघतच राहिले. "माफ करा, तुम्ही आदर्श अर्जवाले गुस्टाड का?" त्यांनी जांभळा हात पुढे केला. "मी राखाडी लांडगा. स्पोकेनला दातांचा दवाखाना आहे माझा. चार तास गाडी चालवून आलोय, पण सार्थक झालं! मंडळी, हे बघा कोण आलंय!"

तेवीस माणसांनी टाळ्या वाजवल्या. एकाने लायलचं रिव्हॉल्व्हर बघून मान डोलावली. "उत्तम निवड," तो म्हणाला. "केवढ्याला पडलं?"

लायलला पळून जावंसं वाटत होतं आणि छातीवरच्या चामड्यामुळे धड श्वासही घेता येत नव्हता.

"हे सगळे तुला ओळखतात?" व्हर्नाने विचारलं.

"व्हर्ना, त्यांचा एक फॉर्म होता..."

"तू माझी जागा फॉर्मात लिहिलीस?"

"रकाना होता गं," लायल म्हणाला. असलं उत्तर त्याने स्वतः कधी मंजूर केलं नसतं.

राखाडी लांडगा मनाने वाईट नव्हता. बाईंचा चेहरा बघून त्याने आपल्या बादलीतून मूठभर बेऱ्या काढल्या आणि तिच्यापुढे धरल्या. "घ्या ना ताई, चव तरी बघा. फार सुंदर जागा आहे."

व्हर्नाने त्यातली एक उचलली. तोंडात टाकली. "अजून दोन दिवस हवे होते," ती म्हणाली, आणि रिकामी बादली घेऊन खाली उतरायला लागली.

गाडीत ती समोर बघतच म्हणाली, "आईनं एकावन्न वर्षं कुणाला सांगितलं नाही. मी एकाला सांगितलं. एकालाच, लायल." ती ओरडली असती तर बरं झालं असतं. लायल रडला. त्रेसष्ट वर्षांचा माणूस, छातीवर एकशे ऐंशीचं चामडं, आत भरलेलं रिव्हॉल्व्हर, आणि घरापर्यंत तो रडत आला. त्याने तेव्हा माफी मागितली, त्या रात्री मागितली, नाताळातही मागितली. व्हर्ना प्रत्येक वेळी 'असू दे' म्हणाली. पण ते 'असू दे' कसं असतं, ते संसारी माणसाला सांगायला नको.

त्या तेवीस जणांत दोघे आमच्या गावचे होते. एक बर्ट ओक्सन, खोटी दाढी लावून. दुसऱ्याचं नाव मी सांगत नाही, कारण ही हकीकत तोच सांगतोय. काय करणार, आदर्श अर्ज वाचायला कुणाला बंदी नव्हती. मला अर्धी बादली मिळाली. घरी बायकोने मुरंबा केला तो चांगला झाला होता, आणि खाताना मला वाईटही वाटत होतं. दोन्ही खरं आहे.

पुढच्या ऑगस्टमध्ये व्हर्ना एकटीच बाहेर पडली. कुठे ते तिने लायलला सांगितलं नाही आणि त्याने विचारलंही नाही. दाराशी उभा राहून त्याने नुसता हात हलवला. दुपारी ती परतली तेव्हा तिची बादली काठोकाठ भरलेली होती. मी कुंपणावरून विचारलं, अगदी शेजारधर्म म्हणून, "काय व्हर्ना, कुठं सापडल्या एवढ्या?" ती म्हणाली, "उद्या पाऊस येईल असं वाटतंय," आणि आत निघून गेली. माझ्याशी ती आजवर जे बोलली त्यात याइतकं मला काही लागलं नाही.

तुम्ही तिच्यासाठी हळहळलात, ते तुमच्या चेहऱ्यावर दिसतंय. लायलला मनातल्या मनात गाढव म्हणालात आणि मला त्याहून मोठं, तेही रास्तच आहे. आता एवढंच सांगा. परवा मी हळूच तिच्या गाडीच्या मागे गेलो होतो आणि ती नवी जागा मला कळली आहे असं मी म्हटलं, तर तुमचा पुढचा प्रश्न काय असेल?